माझ्या गादीवरची ताडपत्री

माझं खुब्याचं हाड मोडलं ते डॉक्टरांनी जोडलं. खिळा घातला, टाके घातले, आणि हाड बरं झालं. त्यात लिहिण्यासारखं फार नाही. मला मरणापर्यंत नेलं ते माझ्या गादीवर घातलेल्या ताडपत्रीनं, आणि ती घातली होती माझ्याच मुलानं, मोठ्या प्रेमानं, गाठी आवळून. त्याबद्दल लिहिलं पाहिजे. घरोघरी म्हातारी माणसं निजून असतात आणि त्यांच्या अंगाखाली काय घालायचं ते उभी माणसं ठरवतात.

मी मराठी चौथीपर्यंत शिकले. घरात आम्ही कोकणी बोलतो, लिहायला मला मराठी येतं. त्यावरून कुणी माझ्याशी भांडायला येऊ नये. ज्यांना भांडायचं होतं त्यांनी गोवा राज्य झालं त्या दिवसांत पोटभर भांडून घेतलं आहे.

पडले तो दिवस

काजूचा हंगाम होता. आमची काजूची राय, म्हणजे बाग, डिचोली तालुक्यात, घराच्या मागं डोंगराच्या उतरणीवर आहे. सकाळी बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला गेले होते. सुक्या पानांवरून पाय सरकला आणि मी कुशीवर आपटले. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. उठायला गेले तर उजवा पाय ऐकेना. पाऊल बाहेरच्या अंगाला वळून पडलं होतं, जसं काही दुसऱ्याच बाईचं.

चार माणसांनी घरातली कदेल, म्हणजे खुर्ची, वर आणली, तिच्यावर मला बसवलं आणि उतरणीवरून खाली नेलं. त्या वाटेत मी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या त्यांनी अजून विसरलेल्या नाहीत.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरनं हाडाचा फोटो उजेडाकडे धरून बघितला आणि माझ्या मुलाशी, प्रकाशशी बोलायला लागला. म्हातारीचं हाड आहे, ठिसूळ झालेलं आहे, ऑपरेशन करू, पण या वयात बरीच माणसं नंतर उठत नाहीत, तयारी ठेवा. मी दोघांच्या मधे, ढकलगाडीवर आडवी. मिठाची गोण असावी तशी.

मी म्हटलं, "डॉक्टर, माझा पाय मोडलाय, कान नाही."

तो हसला. मला राग आला होता आणि त्याला तो विनोद वाटला. पण त्यानंतर रोज सकाळी आला की आधी माझ्याकडे बघून बोलायचा, एवढं खरं.

इस्पितळातले दिवस

इस्पितळाचं नाव मी घेत नाही. सगळी सारखीच असतात. उजाडायच्या आत चहा, मग झाडू, मग ताप बघणं, मग डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर काही नाही. खाट लोखंडी, तिच्यावर हिरव्या रेक्झीनची पातळ गादी. पाठीचा घाम त्या रेक्झीनवर साचायचा आणि चादर अंगाला चिकटायची. कूस बदलायला दोन माणसं लागायची आणि दोन माणसं कधी एका वेळी मोकळी नसायची. एक झाडूवाली बाई होती. तिचं ते काम नव्हतं, पण येता-जाता माझी उशी उलटून तिची थंड बाजू वर करायची. बाकी कुणाचं मला फारसं आठवत नाही, तिचं आठवतं.

भांडं मागणं हे सगळ्यांत वाईट. जन्मभर ज्या बाईनं न्हाणीचं दार लावून घेतलं, तिनं आता बारा माणसांच्या खोलीत मोठ्यानं हाक मारून सांगायचं. भांडं येईपर्यंत धरायचं. धरवलं नाही तर ओशाळं होऊन पडून राहायचं. मी पाणी पिणंच कमी केलं. हा मूर्खपणा होता आणि तो मी घरी आल्यावरही चालू ठेवला.

घरी पाठवताना तिथल्या नर्सनं प्रकाशला तीन गोष्टी सांगितल्या. दर दोन तासांनी कूस बदला. रोज पाठ उघडून बघा. अंथरूण ओलं राहू देऊ नका. मी शेजारी होते, तिन्ही ऐकल्या. प्रकाशनं तिसरी तेवढी घरी आणली.

माझी गादी

माझी खाट रुंद आहे, नवऱ्याच्या वेळची. तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिच्यावरची गादी सावरीच्या कापसाची. घरामागं सावरीचं झाड होतं. बोंडं फुटायच्या आधी काढायची, बी वेचायची, कापूस पोत्यात भरून ठेवायचा, असं आम्ही दोघांनी चार उन्हाळे केलं तेव्हा ती गादी भरली. तिच्यावर बसलं की माणूस हळूच खाली जातो आणि गादी चारी बाजूंनी त्याला धरते. इस्पितळातल्या त्या रेक्झीनवर मी देवाची आठवण काढली नाही तेवढी गादीची काढली.

सावरीच्या कापसाला खोड एकच. तो धुता येत नाही. भिजला की गोळे होतात आणि वास धरून बसतो.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी गादी भिजवली. सुलभा, माझी सून, मागच्या अंगणात होती. मी हाका मारल्या, तिला ऐकू गेल्या नाहीत. मग तिनं आणि शेजारच्या दोघींनी मिळून ती गादी उचलून पुढच्या अंगणात उन्हात टाकली. रस्त्यानं जाणारं प्रत्येक माणूस विचारत होतं, काय झालं गो, गादी कशाला काढली. सुलभा उत्तर देत नव्हती, आणि तिचं ते गप्प बसणं मला जनेलातून, खिडकीतून, ऐकू येत होतं.

ताडपत्री

प्रकाशचा खनिजाचा ट्रक आहे. खाणीवरून माती भरली की वर ताडपत्री टाकायची, कडेच्या भोकांतून दोर ओवायचा आणि दोन्ही बाजूंनी अशी आवळायची की वाटेत चिमूटभर माती उडू नये. हे काम तो झोपेतही करील. त्या संध्याकाळी त्यानं एक जुनी ताडपत्री आणली. सुलभानं ती साबण लावून तीनदा धुतली, तरी तांबडी माती सुटतच होती. ती दुहेरी करून त्यानं गादीवर टाकली, खाटेखाली शिरून दोर ओवला आणि ट्रकवर आवळतो तशीच आवळली. वर चादर घातली.

"आये," तो खाटेखालून बाहेर येत म्हणाला, "आता दर्या ओतलो तरी गादी भिजाची नाय."

सगळ्यांनी वाहवा केली. बघायला येणारे चादर उचलून गाठी बघून जायचे. एकानं आपल्या बापाच्या गादीसाठी ताडपत्रीचा तुकडा मागून नेला. या भागात ज्याच्या-त्याच्या दारात ट्रक आहे, त्यामुळं कुणाला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. गादी वाचली होती. गादीवर निजणाऱ्या बाईचं कुणी विचारलं नाही.

मी सांगते काय झालं. ती मऊ गादी आरतीला वाजवतात त्या घुमटाच्या चामड्यासारखी ताणली गेली. थाप मारली असती तर वाजली असती. खालचा कापूस तिथंच होता, पण तो माझ्यापर्यंत पोचत नव्हता. माझं सगळं वजन माकडहाडावर आलं. डोक्याखाली उशा लावल्या की मी हळूहळू पायाकडे घसरायची, आणि घसरताना चादर वरच राहायची, कातडी खरवडत खाली यायची. वैशाखातलं ऊन. घाम खाली जायला वाट नाही, तो पाठीखाली तळं करून राहायचा. दोन दिवसांत आग सुरू झाली. आठ दिवसांत ठणका.

आणि मी बोलले नाही. हे मला सगळ्यांत जास्त चीड आणतं. आख्ख्या गावाला तोंड वाजवून दाखवणारी मी, त्या आठ दिवसांत तोंड मिटून पडले. मला वाटलं, गादी भिजवली ना, मग भोग. तुमच्यापैकी कुणी आता असं निजून असेल आणि असा विचार करत असेल, तर करू नका. मुतणं हा गुन्हा नव्हे.

जखम

अंग पुसताना सुलभाला वास आला. तिनं मला कुशीवर केलं आणि ती एकदम थांबली. मग तिनं प्रकाशला हाक मारली. आईची ती जागा मुलानं बघायची वेळ आली.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई दुसऱ्या दिवशी आल्या. वरचं काळं झालेलं कातडं त्यांनी काढलं तेव्हा खाली काजूच्या बीएवढं भोक होतं. त्या मला म्हणाल्या, हे वरून दिसतं त्याहून खोल आहे. भरत आलं तर ठीक. हाडाला लागलं तर परत इस्पितळ, परत कापाकाप, आणि या वयात... पुढचं त्यांनी गिळलं. मी म्हटलं, बोला. त्या म्हणाल्या, "आजी, मग मी काही सांगू शकत नाही."

हाड मोडलं तेव्हा मला भीती वाटली नव्हती, खरं सांगते. त्या दिवशी वाटली. मोडलेलं हाड जोडून येतं हे मी पुष्कळ बघितलं होतं. पाठीला भोक पडलेली माणसं कशी जातात तेही बघितलं होतं. माझी सासू तशीच गेली होती. शेवटी शेवटी तिच्या खोलीत धूप जाळावा लागायचा.

नर्सबाईंनी प्लास्टिक काढायला सांगितलं. त्या गेल्यावर प्रकाश म्हणाला, ताडपत्री चांगलीच होती, आई हालत नाही म्हणून झालं. मी हालत नव्हते कारण माझ्या खुब्यात खिळा होता. पण ट्रकवाल्याला आपली गाठ चुकली असं कबूल करणं जड जातं.

सल्ले

मग सल्ले द्यायला माणसं आली. माझी नणंद पेडण्याला दिलेली आहे. ती मोठी, तिच्यापुढं घरात सगळे मान खाली घालतात. ती येऊन जखम न बघताच म्हणाली की हाडाच्या दुखण्याला फळीच बरी. मग खुर्ची जवळ ओढून मऊ आवाज काढला.

"वयनी, कापसार जीव अडाकता गो. तुका खाली चटयेर घेऊया. सुटका तरी बरी जातली."

आमच्याकडे माणूस जायला टेकलं की त्याला गादीवरून खाली जमिनीवर घेतात. कापसावर जीव सुटत नाही म्हणतात. आणि ज्या गादीवर कुणी गेलं ती गादी घरात ठेवत नाहीत. तेव्हा मला खाली घेतलं तर माझा जीवही सुटतो आणि गादीही राहते. हिशेब सरळ होता.

मी म्हटलं, "माझो जीव अजून खंयच जावक निघूक नाय, वन्सं. मग अडाकतलो कशाक?"

ती रागानं निघून गेली. पण सुलभाच्या तोंडाकडे बघितलं तर मला कळलं की तिलाही खाली चटई बरी वाटत होती. जमीन पुसता येते. मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्या हातचं जेवण जेवले नाही. आता वाटतं, कूस बदलणारी तीच, चादरी धुणारी तीच, भांडं आणणारी तीच, आणि मी उपाशी राहून तिलाच शिक्षा केली. पण त्या वेळी दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

मी ठरवलं होतं की खाली जायचं नाही. खाली गेलेलं माणूस मी परत वर आलेलं बघितलं नव्हतं.

रबर आणि स्पंज

प्रकाश म्हापशाहून रबराचं जाड कापड घेऊन आला, इस्पितळात घालतात तसलं, तांबडं. ते ताडपत्रीपेक्षा बरं, कारण दोरानं आवळलेलं नव्हतं. पण उन्हानं तापायचं आणि सुरकुती पडली की ती सुरीसारखी लागायची. त्याचा वास माझ्या केसांत बसला. पाच दिवस काढले. जखम तेवढीच राहिली.

मग पुढच्या शुक्रवारी सुलभाचा भाऊ बाजारातून स्पंजचा पट्टा घेऊन आला. चार बोटं जाड, पिवळा, कापडाची खोळ घातलेला. दुकानदारानं म्हणे तळव्यानं दाबून दाखवला, किती मऊ आहे बघा. तळव्याला मऊच लागणार. तळवा काय दिवसभर त्याच्यावर निजतो? माझं वजन पडलं की अर्ध्या घटकेत तो चपटा व्हायचा आणि मग चुलीसारखा तापायचा. खालची गादी पुन्हा गेलीच. आता मी ना स्पंजावर होते ना सावरीवर, मधेच कुठंतरी लोंबकळत होते. पहिल्यांदा भिजला तेव्हा त्यानं सगळं पिऊन घेतलं आणि तीन दिवस दोरीवर टाकला तरी आतून ओलाच. कावळ्यांनी त्याचे तुकडे घरट्याला नेले. त्याचा तेवढाच उपयोग झाला.

स्पंज गेला, आणि प्रकाशनं मला न विचारता पुन्हा ताडपत्री बांधली. या वेळी वर दोन चादरी जास्त घातल्या. दोन दिवसांनी नर्सबाई पट्टी बदलायला आल्या तेव्हा जखमेच्या कडेला आणखी काळं दिसलं. त्यांनी पेटी बंद केली आणि गेल्या.

तानूबाई

शेजाऱ्यांच्या मागच्या खोलीत चंदगडकडचं एक जोडपं भाड्यानं राहायचं. नवरा गवंडी. बायको तानूबाई, चाळिशीची, आमच्या विहिरीवर पाण्याला यायची. आम्ही त्यांना घाटी म्हणतो आणि ते काही कौतुकानं म्हणत नाही. मीही म्हणायची. ती पाण्याला आली की कळशी विहिरीच्या काठावर आपटू नको म्हणून मी तिच्यावर ओरडायची.

त्या सकाळी सुलभाला मला कुशीवर करायला दुसरं माणूस मिळेना, म्हणून तिनं विहिरीवरून तानूबाईला हाक मारली. ती हात धुऊन आत आली. तिनं मला कुशीवर धरलं, जखम बघितली आणि मग अंथरुणाकडे बघितलं. एक मूठ वळून चादरीवर दाबली. मूठ खाली गेली नाही.

"आजी, ह्ये हांतरूण न्हवं, ढोल हाय," ती म्हणाली.

मग कुणाला न विचारता खाली वाकून तिनं एका कोपऱ्याची गाठ सोडली, ताडपत्री मागं सारली आणि उघड्या गादीवर मूठ दाबली. ती मनगटापर्यंत आत गेली.

"बगा की. खाली एवढं लोणी हाय आन् वरनं दगड ठिवलाय."

एवढ्यावर ती थांबली नाही. मला म्हणाली, जरा सरका. मला सरकता येत नव्हतं, पण खाट रुंद होती. ती माझ्या शेजारी, माझ्या नवऱ्याच्या जागेवर, उघड्या गादीवर, सरळ उताणी निजली. सुलभाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तानूबाई छताकडे बघत बराच वेळ पडून राहिली, मग ताडपत्रीच्या भागावर सरकली आणि तिथं पडून राहिली. मग उठली आणि म्हणाली की सासूचं दोन वर्षं अंथरुणावर सगळं केलं होतं तिनं. पहिले सहा महिने तिच्याकडूनही अशीच चूक झाली होती.

इतक्या दिवसांत माझ्या घरातलं एकही माणूस त्या अंथरुणावर क्षणभर निजून बघायला गेलं नव्हतं. मुलगा नाही, सून नाही, नणंद नाही. विहिरीवर ओरडा खाणारी बाई निजली.

तिनं विचारलं, जुनी धोतरं आहेत का. होती. नवऱ्याची सहा धोतरं मी पेटीत घालून ठेवली होती. सुलभा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, काढ. पेटीत ठेवून त्यांचं काय लोणचं घालायचं आहे? इतकी वर्षं धुऊन धुऊन ती कापडं लोण्यासारखी झाली होती. आणखी माझी तीन विरलेली लुगडी. त्यांच्या तिनं चार वाकळी शिवल्या, पहिली त्याच सकाळी, बाकीच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत.

वाकळ म्हटलं की तुम्हाला जाड गोधडी वाटेल. ही तशी नव्हती. तीनच पदर, बोटभर अंतरावर सैल टाके, गाठी सगळ्या खालच्या बाजूला, आणि जोड असला तर तो कडेला, कमरेखाली कधी नाही. ती म्हणाली की जाड केली तर वाकळच गादी होऊन बसते आणि खालची गादी वाया जाते. भिजायचं ते कमरेपासून मांडीपर्यंतच भिजणार, मग गळ्यापासून पायापर्यंत प्लास्टिक कशाला? म्हणून तिनं मऊ पातळ रेक्झीनचा हातभर रुंद तुकडा घेतला, तो दोन कापडांच्या मधे घालून गादीवर नुसता ठेवला, आणि त्याच्यावर वाकळ टाकली. खोचायचं नाही, बांधायचं नाही, ताणायचं नाही. चादरसुद्धा सैल. मग तिनं पुन्हा मूठ दाबली. मनगटापर्यंत नाही, पण जवळजवळ तेवढी गेली. हीच परीक्षा. उघड्या गादीवर मूठ जेवढी जाते, जवळपास तेवढी वरच्या सगळ्यासकट गेली पाहिजे. दुकानात कुणी काहीही सांगो.

मला त्या वाकळीवर ठेवलं तेव्हा गादीनं मला धरलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

प्रकाश निजला

तो दुपारी जेवायला आला आणि त्याला ते पसंत पडलं नाही. एवढासा तुकडा, तो सरकला तर? तो म्हणाला, वाकळ राहू दे, पण तिच्याखाली ताडपत्री असू दे, सैल बांधतो. घाटणीचं ऐकून गादी घालवू नको. आणि सुलभाला सांगून मला तेवढ्यापुरतं खाली चटईवर कुशीवर ठेवून तो बांधायलाही लागला. सैल म्हणाला, पण हाताला सवय होती. गाठ आवळलीच.

मी जमिनीवरून त्याला म्हटलं, "निज."

"कोण?"

"तू. निज थंय. सदरो काढ."

तो हसला. मी हसले नाही. मग तो सदरा काढून निजला.

"हालूचा नाय," मी म्हटलं. "खुब्यात खिळो आसा अशें समज. सुलभाचो भात शिजासर उठाचा नाय."

सुलभानं नुकतंच आधण ठेवलं होतं. छपरावर ऊन रणरणत होतं. तो एकदा कूस बदलायला गेला. मी म्हटलं, कूस तुला कोण बदलून देणार? दोन माणसं लागतात. तो परत उताणा झाला. कपाळावरचा घाम कानात जात होता, तो त्यानं पुसला नाही. भाताला वाफ आली तेव्हा सुलभानं स्वयंपाकघरातून सांगितलं, झाला. तो उठला. पाठ भिजून निथळत होती आणि कमरेच्या वर ताडपत्रीची घडी लांबलचक तांबडी उमटली होती. चाळीस वर्षांचा धडधाकट माणूस, आणि भात शिजेपर्यंतच निजला होता.

तो खाटेखाली गेला, चारी गाठी सोडल्या, ताडपत्री गुंडाळून बाहेर नेली. त्या दिवसापासून दर दोन तासांनी, ट्रक जवळपास असला तर, मला कुशीवर करायला तो यायचा.

भरून येणं

माणसं विचारतात, मग किती दिवसांत बरी झालीस? दिवसांत नाही. वाकळ म्हणजे काही औषध नव्हे. नर्सबाई पट्टी बदलायच्या, सुलभा कूस बदलायची, मी लाज सोडून वेळेवर भांडं मागायची आणि पाणी प्यायची, अंडं खायची, जे मी जन्मात खाल्लं नव्हतं. हे सगळं लागलं. पण ताडपत्रीवर ठेवून हे सगळं केलं असतं तर मी आज लिहीत नसते.

पावसात वाकळी वाळेनात. सुलभानं चुलीच्या वर दोरी बांधली. एक माझ्याखाली, एक धुण्यात, एक दोरीवर, एक घडी करून. सगळ्यांना धुराचा वास लागला. तो मला चालत होता.

तानूबाई श्रावणाच्या आधी गेली. नवऱ्याचं काम संपलं, दुसरीकडे मिळालं. जायच्या दिवशी ती दाराशी आली आणि म्हणाली, आजी, बसायला लागलात की एका जाग्यावर लई वेळ बसू नका. मी म्हटलं, बरं. मी तिला आत ये, बस असं म्हटलं नाही. सुचलंच नाही. ते मला अजून लागतं आणि लागावंच.

गणपती झाल्यावर नर्सबाईंनी पट्टी काढली, बोटानं दाबून बघितलं आणि परत पट्टी घातली नाही. म्हणाल्या, बंद झाली. सुलभा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. नर्सबाई गेल्या तरी ती तशीच उभी. श्रावणात मी काठीनं घरातल्या घरात चालायला लागले होते. ती काठी घेऊन उठले, खुर्चीपर्यंत गेले आणि बसले. मग पहिल्यांदाच मी तिच्याकडे नीट बघितलं. हातांची कातडी साबणानं सोलली होती. डोळ्यांखाली काळं होतं. चार महिने दर दोन तासांनी उठलेली बाई होती ती.

मी म्हटलं, "सुलभा, निज हांगा."

ती म्हणाली, भात टाकायचा आहे, मासळीवाली येईल. मी म्हटलं, निज. ती खाटेच्या कडेला बसली, मग आडवी झाली, आणि गादीनं तिला धरायच्या आत तिचा डोळा लागला. तोंड उघडं, एक पाय खाली लोंबता.

मासळीवाली आली, ओरडून गेली. चूल पेटली नाही. दुपारी प्रकाश आला, स्वयंपाकघरात जाऊन आला, मोकळी भांडी बघून आला आणि मला विचारलं, "आये, जेवाण?"

"सकाळचे उंडे पाव आसत डब्यात," मी म्हटलं. "ते खा. आणि भांडी वाजयू नको."